आईच्या वाटणीचा उंदीर

मी आयुष्यभर विषांचा अभ्यास केला. धुरातली, पाण्यातली, काजळीतली विषं, आणि त्यातही ज्यांच्यामुळे कॅन्सर होतो ती माझ्या खास ओळखीची. त्यामुळे लोकांना वाटतं, ही बाई फार गंभीर असणार. एखाद्या कार्यक्रमात माझी ओळख करून देणारे गृहस्थ आपोआप आवाज खाली घेतात, जणू मी कुणाच्या दहाव्याला आले आहे. त्यांना कुठे माहीत, की माझ्या कारकिर्दीची सुरुवात आईच्या मशेरीच्या डबीतून झाली, आणि पुढची कित्येक वर्षं मी एका उंदराच्या तब्येतीबद्दल थापा मारण्यात घालवली.

सत्तरचं दशक, मोठा दुष्काळ नुकताच सरलेला. दौंडच्या रेल्वे कॉलनीत, मालधक्क्याच्या शेजारी, आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. वडील लोको शेडमध्ये फायरमन. वाळत घातलेल्या धुण्यावर, पापडांवर, भिंतीवरच्या, कोट घातलेल्या घटनाकारांच्या फोटोच्या काचेवर इंजिनांची काजळी येऊन बसायची. आई दिवसातून तीनदा फोटो पुसायची आणि तितक्याच वेळा मशेरी लावायची. खरं म्हणजे तीनदा हा तिचा आकडा होता, माझा वेगळा होता.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ती कुटायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. नाव दात घासण्याचं, काम तलफेचं. आई मागच्या अंगणात तीन विटांवर भाकरीच्या कामातून निवृत्त झालेला तवा ठेवून ती भाजायची. धूर असा उठायचा की शेजारच्या गार्डसाहेबांच्या मंडळी शिंकत शिंकत खिडक्या लावून घ्यायच्या, आणि अर्ध्या तासानं त्याच वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या.

रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. आमचे सर हडकुळे, अतिशय सभ्य आणि संशयी. कुठलीही गोष्ट तीनदा करून बघितल्याशिवाय त्यांना पटत नसे. चहासुद्धा ते तीन वेळा ढवळायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्यापैकी कुणी मशेरी भाजताना बघितली आहे का?’’ सगळी हुशार मंडळी आपापल्या चपलांकडे बघू लागली. मी हात वर केला, आणि तिथे माझं पुढचं आयुष्य ठरलं.

सरांचं म्हणणं असं, की तंबाखू जाळली की काजळीत सापडतात तीच घातक रसायनं तिच्यात तयार होत असणार, आणि बायका ती रोज तोंडात घोळवतात. हे सिद्ध करायला उंदीर होते. मशेरीचा अर्क ॲसिटोनमध्ये काढायचा, उंदराच्या पाठीवरचे केस कापायचे, आणि आठवड्यातून दोनदा ब्रशनं तिथे अर्क लावायचा. शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना नुसतं ॲसिटोन, मशेरीचा थेंबही नाही. म्हणजे पहिल्यांना काही झालं आणि दुसऱ्यांना झालं नाही, तर दोष मशेरीचाच.

हे मी घरी मोठ्या अभिमानानं सांगितलं. आईनं तोंडातलं बोट बाहेर काढलं.

‘‘उंदराच्या पाठीला मशेरी? पाठीला दात असत्यात व्हय गं त्याच्या?’’

‘‘आई, तो प्रयोग असतो.’’

‘‘कॉलनीत काय सांगू मी? पोरगी सोळा यत्ता शिकली आन् उंदरास्नी मशेरी लावती?’’

तिनं कॉलनीत सांगितलं की मी औषधं बनवते. मग बायका खोकला, सांधे, आणि एकजण सुनेचा हट्टी स्वभाव यांवर औषध मागायला माझ्याकडे येऊ लागल्या.

अधूनमधून एखाद्या रविवारी मी पुण्याहून घरी आले, की आम्ही विहारात वंदनेला जायचो. पंचशील सुरू झालं की आमच्या दोघींची वेगळीच वंदना चालायची. पहिलं शील, प्राण्याची हिंसा करणार नाही. हे म्हणताना आई मान वळवून माझ्याकडे रोखून बघायची. मग मी पाचव्या शिलाची वाट बघत बसायचे. नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन, हे आलं की मी तिच्याकडे बघायचे. ती तेवढ्यात पदर नीट करायला लागायची.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, एक गोष्ट सोडून. आमच्या तुकडीबरोबर एक डॉक्टर खेड्यांत फिरायचे. त्यांनी मला तोंडं बघायला शिकवलं होतं: गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला तर तो धोक्याचा. आणि घरी मी बघत होते, की आईनं डाव्या बाजूनं चावायचं सोडलंय. ठेचा ताटातून बाजूला सरकवतेय. ज्या बाईनं जन्मभर ठेच्याशिवाय घास उचलला नाही, ती दुधात भाकरी कुस्करत होती. मला भीती वाटत होती, सरळच सांगते. मला त्या गालात एकदा बॅटरी मारून बघायचं होतं.

‘‘आई, आ कर.’’

‘‘कशाला? तोंड हाय का पेटी?’’

दिवसभरात जिचं तोंड कधी मिटत नसे, ती मी बॅटरी काढली की ओठ शिवून बसायची. एकदा ती झोपेत घोरत असताना मी वाकून बघायला गेले. तिनं डोळे न उघडता माझ्या कपाळावर टपली मारली.

त्याच सुमारास सरांनी मला केंदूरला पाठवलं. चाळीस घरांतल्या चाळीस बायकांची मशेरी गोळा करायची, घराघरांत फरक किती ते बघायचं. मी शिरूरच्या एसटी डेपोतून केंदूरची गाडी धरली, गावात चाळीस बाटल्या वाटल्या, प्रत्येक बाटलीवर नंबर, प्रत्येक बाईला सूचना: तुम्ही रोज लावता ती मशेरी यात भरून ठेवा, आठ दिवसांनी येते. आठ दिवसांनी चाळीसच्या चाळीस बाटल्या काठोकाठ भरलेल्या, पुसलेल्या, रांगेत लावलेल्या. मी इतकी खूश झाले की परतीच्या गाडीत कंडक्टरलाही त्या दाखवल्या.

प्रयोगशाळेत अर्काचा थेंब कागदाच्या पट्टीवर टाकायचा आणि पट्टीचं टोक द्रावणात बुडवायचं. रसायनं कागदावर वर चढत जातात, आणि अतिनील दिव्याखाली त्यांचे निळे पट्टे चमकतात. आमच्या चाळीस पट्ट्या चमकल्या. सगळ्यांवर त्याच जागी तेच पट्टे, त्याच निळ्या रंगाचे. सर अर्धा तास हरखून गेले होते. मग त्यांनी चहा तीनदा ढवळला आणि म्हणाले, ‘‘निसर्गात एवढी शिस्त नसते. परत जा.’’

मी परत गेले. पहिल्याच घरी विचारलं, ‘‘मावशी, ही मशेरी तुम्ही स्वतः भाजली ना?’’

‘‘न्हाई वो. ही आत्याबाईची.’’

दुसऱ्या घरी, आत्याबाईची. तिसऱ्या घरी, आत्याबाईची. आत्याबाई म्हणजे गावच्या वेशीजवळ राहणारी एक म्हातारी, जिच्यासारखी मशेरी पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. गावाची रीत अशी, की साहेब आला की खुर्च्या सरपंचाकडून आणायच्या, कपबश्या मास्तरांकडून, चादर जिची नवी असेल तिची. साहेबापुढे जायचं ते गावातलं सर्वांत चांगलं. पुण्याच्या साहेबाकडं मशेरी जाणार म्हटल्यावर गावानं हेच केलं.

‘‘अहो, मला तुमची हवी होती!’’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘‘आमची करपल्याली हाय. करपल्याली धाडायची व्हय पुन्याला? गावाची अब्रू हाय का न्हाई काही?’’

आत्याबाई मला भेटायला काठी टेकत स्वतः आल्या. तीन दिवस तव्यापुढे बसून त्यांनी गावाची मशेरी भाजली होती. हाताला फोड आले होते, चेहरा मात्र उजळलेला.

‘‘मग? लागला का नंबर माजा?’’

काय सांगणार? पहिला लागला म्हणाले. तसा तो लागला होताच, चाळीस वेळा.

दौंडला येऊन मी हे आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘तुला कुनी खरी मशेरी देनार न्हाई. तू लावत न्हाईस. लावनारीलाच लावनारी देती. मी येते.’’

पुढच्या आठवड्यात आई माझ्याबरोबर केंदूरला निघाली, इस्त्रीची साडी नेसून. एसटीत शेजारच्या बाईला तिनं सांगितलं, की सरकारनं तिला बोलावलंय.

आणि खरंच, जे मला महिनाभरात जमलं नव्हतं ते तिनं एका दिवसात करून दाखवलं. ती दारात जायची, ‘‘बसू का गं जरा?’’ म्हणायची, उंबऱ्याशी टेकायची, गुडघ्याबद्दल दोन वाक्यं बोलायची, आणि मग हात पुढे करायची. आलेल्या बाईला चिमूटभर मशेरी न देणं म्हणजे पाणी न विचारण्यासारखं. डबी निघायचीच. काही घरांत आधी आडनाव विचारलं गेलं, आणि आडनाव कळल्यावर चिमूट आईच्या तळहातावर वरून टाकली गेली. माझं डोकं सणकलं. आई मात्र हात तसाच धरून म्हणाली, ‘‘टाक बाई, वरनंच टाक. बाटलीत पडल्याशी मतलब. पुन्याच्या दिव्याखाली कुनाची वरची न् कुनाची खालची काय कळत न्हाई.’’ ती बाई ओशाळली. आई पुढच्या घराकडे निघाली होती.

चिमटीतली अर्धी मशेरी बाटलीत जायची. उरलेली अर्धी आईच्या तोंडात.

‘‘आई! काय करतेस?’’

‘‘चव बगते. लिव्ह. सात नंबर, कच्ची. भाजायचा कट्टाळा हाय हिला.’’

मी तिला थांबवायचा प्रयत्न केला. पण ती न लावता उठली तर घरवाली दुखावणार, आणि पुढच्या घरी डबी निघणार नाही. मी वहीत लिहीत गेले. आठ, खडा लागतो. अकरा, कडक. पंधरा, राख चाटल्यासारखी. तेवीस, लई कडक, नवरा बरा नसावा. तिसाव्या घरानंतर आईला गरगरायला लागलं आणि उचक्या सुरू झाल्या. मी तिला लिंबाखाली बसवून पाणी पाजलं. एवढ्या तंबाखूनं घोडाही बसला असता. ती उचकीतून म्हणाली, ‘‘र्‍हायलेल्या दहा... संध्याकाळच्या आत.’’

त्या चाळीस बाटल्यांच्या पट्ट्या चाळीस तऱ्हांच्या निघाल्या. सर समाधानानं एकेक बघत होते. मग त्यांनी माझी वही मागितली आणि शेरे पट्ट्यांशेजारी ठेवून बघितले. जिथे जिथे ‘कडक’ लिहिलं होतं, तिथले निळे पट्टे सर्वांत गडद होते. जिथे ‘कच्ची’, तिथे जेमतेम दिसत होते. सरांनी ते तीनदा ताडून पाहिलं.

‘‘हे कोणत्या उपकरणावर मोजलं?’’

‘‘दौंडच्या, सर.’’

ते हसले. मीही हसले, आणि हसता हसता माझं मला कळलं, की मी आईची जीभ उपकरण म्हणून वापरली आहे. उंदरांना आठवड्यातून दोनदा लावायचा नियम होता. आईला मी एका दिवसात चाळीस वेळा लावली होती. त्या दुपारी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

त्यानंतर शिरूरला बाजाराच्या दिवशी तोंडं तपासायचं शिबिर होतं. बाजाराला आसपासच्या गावांतल्या बायका येतातच, म्हणून डॉक्टरांनी तो दिवस धरला. आईला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. ती आपली आपण दौंड-शिरूर गाडीनं आली, कारण केंदूरच्या बायकांना तिनं शिबिराला येईन असा शब्द दिला होता.

बायका जमल्या खऱ्या, पण परक्या पुरुषासमोर तोंड उघडायला एकही तयार होईना. सगळ्यांनी पदर दातांत धरलेले. डॉक्टर बॅटरी घेऊन ताटकळलेले. आत्याबाई पुढाकार घेतील असं मला वाटलं होतं, पण त्यासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसल्या. तेव्हा आई उठली. एवढ्या बायका आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तिला राहवलं नसावं.

‘‘काय लाजायचं त्यात? ह्ये बगा, आसं,’’ असं म्हणून ती डॉक्टरांसमोर स्टुलावर बसली आणि तिनं आ केला. माझ्यापुढे जो जबडा दोन वर्षं उघडला नव्हता, तो शिरूरच्या भरबाजारात कानापर्यंत उघडला.

डॉक्टरांनी बॅटरी मारली. डावा गाल बोटानं ताणला. बॅटरी जरा जवळ नेली. मग मला म्हणाले, ‘‘जरा इकडे या.’’

चट्टा होता. चिंचोक्याएवढा, पांढरा, खरबरीत. मी स्टूल धरलं. आई तोंड तसंच उघडं ठेवून घशातून बोलली, ‘‘काय दिसलं? सांगा की बिगीनं. माशा जात्यात.’’

डॉक्टर म्हणाले, हा अजून कॅन्सर नाही. मशेरी आजपासून बंद केली तर चट्टा जाऊही शकतो. बंद केली नाही तर सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला या. आईनं सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं, बाकीच्या बायकांना दम देऊन रांगेत बसवलं, सगळ्यांची तोंडं उघडवली. आणि संध्याकाळी परतीच्या एसटीत न्हावरा यायच्या आत कनवटीची डबी काढली.

मी भर गाडीत ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. मरायचंय का तुला, एवढं आठवतं. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळली. आईनं शांतपणे बोट घासलं.

‘‘तुज्या बापानं जल्मभर इंजनाचा धूर गिळला, त्याला काय झालं?’’

‘‘उंदरांना होतंय, आई! मी रोज बघते.’’

तिनं डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, ‘‘मला दाव ते उंदीर.’’

तर आई आमच्या प्रयोगशाळेत आली. सरांनी तिच्यासाठी उठून खुर्ची दिली. ‘कडक’ आणि ‘कच्ची’च्या शेऱ्यांपासून त्यांना तिच्याबद्दल फार आदर होता. मी तिला पिंजऱ्यांपाशी नेलं. मशेरीवाल्या उंदरांच्या पाठी बोडक्या, आणि काहींच्या कातडीवर मोडासारख्या गाठी. एक उंदीर कोपऱ्यात बसून गाठीपर्यंत तोंड पोचवायचा प्रयत्न करत होता, ते त्याला जमत नव्हतं. आई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. ज्या बाईनं मालधक्क्याकडून घरात आलेल्या प्रत्येक उंदराचा पायताणानं निकाल लावला होता, तिचे डोळे भरले.

‘‘ह्यानं काय केलं हुतं गं?’’

मलाही त्यांचं वाईट वाटायचं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आईनं नाक शिंकरलं आणि एकदम व्यवहारावर आली. ‘‘हे बग. तू पयलं शील मोडतीस, मी पाचवं. तू एक उंदीर सोड. मी डबी सोडते.’’

प्रयोगातला उंदीर असा सोडता येत नाही. पण माझी नजर शेजारच्या पिंजऱ्यावर गेली, नुसतं ॲसिटोन लावलेल्यांच्या. त्यात एकाचा कान भांडणात फाटलेला होता. मी त्याला शेपटीला धरून उचललं.

‘‘हा घे. हा तुझ्या वाटणीचा.’’

तिनं त्याला उलटंसुलटं करून बघितलं. ‘‘ह्याला आजपासनं मशेरी लावायची न्हाई. घे शपथ.’’

मी शपथ घेतली. इतकी निर्धास्त शपथ मी जन्मात घेतली नसेल. तरी तिचं समाधान होईना, तिनं मागे उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. सर खोटं कधीच बोलत नसत. ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘बाई, या उंदराला मशेरीचा एक थेंबही लागणार नाही. मी जातीनं लक्ष देईन.’’

आईनं कनवटीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. मी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: नमुना एक्केचाळीस. तो नमुना मी कधी तपासला नाही. त्याची पट्टी बुडवायला माझा हात धजला नाही.

पुढचे तीन महिने आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोललं नाही. आई मिठानं दात घासायची आणि भांड्यांवर राग काढायची. वडिलांनी आपणहून जादा ड्युट्या मागून घेतल्या. इंजिनाच्या भट्टीपुढे जास्त थंड वाटतं, म्हणायचे. आता दर रविवारी सकाळी मी पुण्याहून पॅसेंजरनं यायचे. दारात चपला काढायच्या आत प्रश्न यायचा.

‘‘उंदीर कसा हाय?’’

‘‘बरा आहे. वजन वाढलंय.’’

मग मी बॅटरी काढायचे, आणि ती मुकाट्यानं आ करायची. चट्टा कधी तसाच वाटायचा, कधी जरासा कमी. वंदनेला आता पहिल्या शिलाला ती माझ्याकडे निम्माच वेळ बघायची. निघताना माझ्या पिशवीत उंदरासाठी भाजलेल्या शेंगा पडायच्या. बाहेरचं खाणं उंदराला चालत नसल्यामुळे त्या मी पाटसपर्यंत संपवायचे.

मग दीड वर्षानं उंदीर मेला. म्हातारपणानं, अगदी शांतपणे, पण मेला. आईला हे कळलं तर संध्याकाळी तवा चुलीवर! सरांनी माझा चेहरा बघितला, न बोलता त्याच गटातला दुसरा उंदीर काढून दिला, आणि म्हणाले, ‘‘शपथ या उंदराबद्दलही खरीच आहे.’’

नेमकं त्याच महिन्यात आईला उंदीर बघायची लहर आली. तिनं नव्या उंदराला हातात घेतलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

‘‘ह्याचा कान बरा झाला की गं!’’

‘‘मशेरी नाही ना, आई,’’ मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

ही बातमी तिनं कॉलनीभर केली. मशेरी सोडली की फाटलेला कानसुद्धा भरून येतो, पुण्याला सिद्ध झालंय. गार्डसाहेबांच्या मंडळींनी लगेच वाटी घेऊन फिरायचं बंद केलं. कॉलनीतल्या सहा बायकांनी डब्या फेकल्या. आमच्या खऱ्या निष्कर्षांवर पुढे परिषदांत वाद झाले, शंका निघाल्या. माझ्या या एका थापेला दौंडात कुणी आव्हान दिलं नाही.

त्या उंदरानंतर तिसरा आला, मग चौथा. आईच्या वाटणीचा उंदीर काही मरायला तयार नव्हता. दशक संपत आलं. आणि एका बाजाराच्या दिवशी शिरूरच्या शिबिरात डॉक्टरांनी आईचा गाल नेहमीसारखा ताणला, बॅटरी जवळ नेली, लांब नेली, आणि म्हणाले, ‘‘काही नाही. गेला चट्टा.’’

मी बाहेर जाऊन भाजीवाल्यांच्या रांगेमागे उभी राहून रडून घेतलं. आई आत आत्याबाईंशी भांडत होती. त्या अजून लावत होत्या.

परतीच्या एसटीत मला राहवेना. आता लपवायचं कशाला?

‘‘आई, तुला एक सांगायचंय. तुझा तो उंदीर...’’

‘‘किती मेले?’’

‘‘तीन.’’

‘‘मला वाटलं चार.’’ ती खिडकीबाहेर बघत होती. ‘‘मालधक्क्याच्या शेजारी जल्म गेला माजा. उंदीर किती जगतो ते म्हाईत न्हाई व्हय मला? आन् फाटल्याला कान कवा भरून येतो गं?’’

‘‘मग कॉलनीत कशाला सांगितलंस?’’

‘‘सहा जनींनी सोडली न्हवं?’’

‘‘मग दर रविवारी कशाला विचारायचीस, उंदीर कसा आहे म्हणून?’’

गाडी न्हावऱ्याला थांबली, दोन बायका चढल्या, एकीनं कनवटीची डबी काढली. आईचं बोट आपोआप हललं. तिनं ते पदरात गुंडाळून घेतलं. इतक्या वर्षांनीही ते हलत होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

‘‘सोमवारपासनं तलफ यायची,’’ ती म्हणाली. ‘‘वाटायचं, जाऊ दे, लावू एक बोट. मग म्हनायची, रविवारी पोरगी येनार. उंदराची खुशाली सांगनार आन् माजं तोंड बगनार. तवर थांबू. उंदीर मेला म्हनली आसतीस, तर दर रविवारी आली आसतीस व्हय तू?’’

मी तिचं पदरात गुंडाळलेलं बोट हातात धरलं. ते तिनं दौंड येईपर्यंत सोडवून घेतलं नाही.

पुढच्या रविवारी मी पॅसेंजरनं दौंडला गेले. चट्टा नव्हता, प्रयोग संपला होता, त्या गटातला शेवटचा उंदीरही त्याच आठवड्यात गेला होता. मी दारात चपला काढत होते.

‘‘उंदीर कसा हाय?’’ आतून आवाज आला.

‘‘बरा आहे,’’ मी म्हणाले, आणि पिशवीतून बॅटरी काढली. ‘‘वजन वाढलंय. आ कर.’’